कॉम्प्युटर कट्टा : एवढी लिनक्सं, त्यातलं माझ्या लॅपटॉपवर कोणतं?

विंडोज १० चे नेहमीचे फुकट अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले आणि तेव्हापासून या सदराकडे जे प्रश्न येतायत त्यात लिनक्स लिनक्स आणि लिनक्सच चाललंय, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम (ओएस). इंदूरचे जास्त, बाकी ग्वाल्हेर-बडोद्याचे. एकसारखे होते ते एकत्र केलेत, आणि नावं कुणाचीच छापत नाहीये, फक्त वस्ती देतोय.

प्रश्न, टिळक नगर, इंदूर: मी बँकेतून रिटायर आहे. लॅपटॉप २०१५ चा, आय-थ्री पाचव्या जनरेशनचा, चार जीबी रॅम. दुकानदार म्हणतो यात विंडोज ११ येणार नाही, नवीन घ्या. पुण्याचा भाचा म्हणतो मामा लिनक्स टाका, फुकट आहे. नेटवर बघायला गेलो तर उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन, झोरिन, मांजरो, नुसती नावंच नावं. एकाच वस्तूचे एवढे प्रकार कशाला? यातलं मी कोणतं घेऊ ते एका वाक्यात सांगा, लेक्चर नको.

काका, एका वाक्यात: लिनक्स मिंट, त्यातलं एक्सएफसीई एडिशन.

आता लेक्चर नको म्हणालात तरी थोडं ऐकाच, नाहीतर उद्या भाच्याचा मित्र तिसरंच नाव घेईल आणि तुम्ही परत गोंधळाल. दुकानदार खोटं बोलत नाहीये, विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो, तुमचा पाचवा आहे. पण "विंडोज ११ येत नाही" म्हणजे "लॅपटॉप भंगारात" हे त्याचं स्वतःचं गणित झालं.

नावं एवढी का, तर लिनक्स म्हणजे खरं तर फक्त कर्नल, म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्राम यांच्या मधला भाग. तो लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकत असताना लिहायला घेतला. नुसत्या कर्नलचं तुम्ही-आम्ही काही करू शकत नाही, त्याला कमांडची टूल्स लागतात (ती बरीचशी जीएनयू प्रोजेक्टची, ते १९८३ मध्येच जाहीर झालं होतं), डेस्कटॉप लागतो, ब्राउझर लागतो, इन्स्टॉलर लागतो, अपडेट कुठून यायचे ती व्यवस्था लागते. हे सगळं गोळा करून, जुळवून, एका फाइलमध्ये जो देतो त्याच्या गठ्ठ्याला डिस्ट्रो म्हणतात. आणि लायसन्सच असं आहे की कुणीही तो गठ्ठा उघडावा, बदलावा आणि स्वतःच्या नावाने परत वाटावा. मग काय, वाटतात. आपल्याकडे शेवेचं कसं, बेसन तेच पण लवंगवाली वेगळी, लसणाची वेगळी, आणि प्रत्येक दुकानदार सांगणार की खरी शेव आमचीच.

पण नावं शंभर असली तरी खानदानं मोजकीच आहेत. डेबियन १९९३ चं. त्याच्यावरून २००४ मध्ये उबुंटू निघालं, उबुंटूवरून २००६ मध्ये मिंट निघालं, झोरिन पण उबुंटूवरूनच. म्हणजे तुमच्या यादीतली चार नावं एकाच घरातली निघाली. फेडोरा २००३ पासूनचं, ते रेड हॅट कंपनीच्या घराण्यातलं. मांजरो आर्चवरून आलं आणि आर्च २००२ चं. सुसे म्हणून अजून एक जुनं जर्मन घराणं आहे. बास, एवढं कळलं की अर्धी भीती जाते.

मग फरक कशात? माझ्या मते नवशिक्याला फक्त दोन फरक जाणवतात. पहिला म्हणजे सॉफ्टवेअर किती ताजं आणि किती वेळ टिकणार. उबुंटूचं दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये एलटीएस, म्हणजे जास्त काळ सांभाळलं जाणारं, व्हर्जन येतं, त्याला पाच वर्षं अपडेट मिळतात. मिंटची २२ नंबरची मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे म्हणून तिला २०२९ पर्यंत चिंता नाही. फेडोरा दर सहा महिन्यांनी नवीन आणि प्रत्येक व्हर्जनला साधारण तेराच महिने अपडेट, म्हणजे वर्षातून एकदा तरी तुम्हाला पुढच्या व्हर्जनवर उडी मारावीच लागणार. चांगलं आहे फेडोरा, पण ज्याला फक्त पासबुक बघायचंय आणि नातवाशी व्हिडिओवर बोलायचंय त्याला ही उठाठेव कशाला.

दुसरा फरक डेस्कटॉपचा, आणि लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात, कारण डोळ्याला दिसतो तो डेस्कटॉप, डिस्ट्रो दिसत नाही. ग्नोम वेगळं दिसतं, केडीई वेगळं, सिनॅमन विंडोज ७ च्या जवळ जातं, एक्सएफसीई साधं आणि हलकं. मिंट स्वतः सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई अशा तीन रूपांत येतं, आतून तिन्ही तेच. म्हणजे कुणी म्हणालं "मला उबुंटू आवडलं नाही" तर बरेचदा त्याला ग्नोम आवडलेलं नसतं एवढंच. मिंटला कमीत कमी दोन जीबी रॅम लागते आणि चार असली तर बरं असं ते स्वतःच सांगतात, तुमच्याकडे चारच आहे म्हणून एक्सएफसीई.

पण खरं सांगू का, चार जीबीत ओएस बसेल हो, ब्राउझर नाही बसणार. आठ-दहा टॅब उघडे ठेवायची सवय असेल तर कोणतंही लिनक्स घ्या, लॅपटॉप हाशहुश करणारच. आणि आतमध्ये जुनी फिरणारी हार्डडिस्क असेल तर डिस्ट्रो निवडण्यात आठवडा घालवण्यापेक्षा आधी एसएसडी बसवून घ्या, आरएनटी मार्गावर कुणीही बसवून देईल. त्याने जो फरक पडतो तो उबुंटू की मिंट याने सात जन्मात पडणार नाही.

प्रश्न, वैशाली नगर, इंदूर: मी शाळेत शिकवते. लॅपटॉप तसा नवीन आहे, विंडोज ११ आहे, ते ठेवायचंय पण सोबत लिनक्स पण हवंय. यूट्यूबवर बघितलं तर प्रत्येक जण वेगळंच काहीतरी सांगतो आणि खाली कॉमेंटमध्ये एक तरी माणूस "माझा सगळा डेटा गेला" म्हणून रडत असतो. इन्स्टॉल करणं खरंच सोपं आहे की लोक उगाच म्हणतात?

ताई, इन्स्टॉलर सोपा आहे, अगदी सोपा, चार प्रश्न विचारतो आणि कामाला लागतो. रडणारे जे दिसतात ते इन्स्टॉलरच्या आधी काय करायचं ते न केल्यामुळे किंवा एका विशिष्ट पानावर घाईत क्लिक केल्यामुळे रडतात. म्हणून तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जास्त जागा देतोय.

पहिली गोष्ट, पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं म्हणजे ते इन्स्टॉल झालं असं नाही. याला लाइव्ह म्हणतात. पूर्ण डेस्कटॉप पेनड्राइव्ह आणि रॅमच्या जिवावर उभा राहतो, कोपऱ्यात "इन्स्टॉल लिनक्स मिंट" असं आयकॉन असतं, आणि त्यावर डबल क्लिक करून पुढे जात नाही तोवर इन्स्टॉलर तुमच्या डिस्कला हात लावत नाही. आधी तासभर असंच फिरा. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, ब्राइटनेसची बटणं चालतायत का, कॅमेरा, टचपॅडवर दोन बोटांनी स्क्रोल, झाकण बंद करून उघडल्यावर जागा होतो का. हे सगळं पास झालं तर तुमच्या मशीनला ते डिस्ट्रो मानवलं, नाही झालं तर दुसरं बघा. यूट्यूबवरच्या "टॉप टेन" पेक्षा ही परीक्षा खरी.

पेनड्राइव्ह आठ जीबीचा पुरे, मिंटची फाइल तीन जीबीच्या आसपास असते, उबुंटूची आता सहाच्या आसपास जाते. ती आयएसओ फाइल नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही, निम्मे लोक हेच करतात आणि मग विचारतात बूट का होत नाही. रूफस किंवा एचर नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या आणि त्याने ती लिहा, आणि हो, पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, शाळेचे प्रश्नपत्रिकांचे फोल्डर असतील तर आधी काढून ठेवा. फाइल मूळ साइटवरूनच घ्यायची आणि तिथे दिलेला चेकसम, म्हणजे फाइल अस्सल आहे का ते पडताळायचा लांबलचक आकडा, जुळवून बघायचा. हे उगाच सांगत नाहीये, फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्याच साइटमध्ये घुसून कुणीतरी डाउनलोडची लिंक बदलली होती आणि त्या वेळात ज्यांनी सिनॅमनची फाइल उतरवली त्यांना मागचा दरवाजा उघडा असलेलं लिनक्स मिळालं.

आता विंडोजच्या आत करायची कामं. बॅकअप, दुसऱ्या डिस्कवर, हे सांगायला नको पण सांगतो. मग बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप, चालू आहे का बघा. नव्या लॅपटॉपांवर ते बरेचदा तुम्हाला न विचारताच चालू असतं. चालू असेल आणि बूटच्या सेटिंगमध्ये काही बदललं तर पुढच्या वेळी विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं, ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ठेवलेली असते पण लॅपटॉप बंद असताना ती शोधायची म्हणजे धावपळ. आधीच कागदावर उतरवून घ्या, आणि सोबत-सोबत इन्स्टॉल करायचं असेल तर एन्क्रिप्शन बंदच करा. त्यानंतर फास्ट स्टार्टअप बंद. हे चालू असताना विंडोज शटडाउन केलं तरी पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि त्या अवस्थेत लिनक्सकडून त्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या त्या भागावर, लिहिणं धोक्याचं. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये सापडेल. मग विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह श्रिंक करून साठ-सत्तर जीबी मोकळी सोडा. लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्येही स्लायडर असतो तसा, पण विंडोजची जागा विंडोजनेच कमी करावी असं माझं मत.

बूट मेनूची की कंपनीगणिक वेगळी. डेलला एफ१२, लेनोव्होला बहुतेक एफ१२, एचपीला एफ९, आसुसच्या लॅपटॉपला एस्केप. सिक्युअर बूट (फक्त सही असलेली सिस्टिमच सुरू होऊ देणारी सोय) बंद करा असं सगळे व्हिडिओ सांगतात, पण मिंट, उबुंटू, फेडोरा, डेबियन ही चारही ते चालू असताना सुरू होतात, मग उगाच कशाला छेडायचं.

इन्स्टॉलर चालू केला की आधी भाषा. यादीत मराठी पण दिसेल आणि मन मोहात पडेल, पण पहिल्या खेपेला इंग्रजीच ठेवा, कारण काही अडलं तर तो मेसेज गूगलवर जसाच्या तसा टाकून शोधावा लागतो आणि मराठी मेसेज टाकला तर हाती काही लागत नाही. भाषा नंतर बदलता येते. मग कीबोर्ड, मग मल्टिमीडिया कोडेक टाकू का अशी एक चौकट, तिच्यावर टिक करा म्हणजे गाणी-व्हिडिओची कटकट संपली.

आणि मग येतं ते पान. इन्स्टॉलेशन टाइप. इथे वाचा, हात माउसवरून काढा आणि वाचा. एक पर्याय असतो "इन्स्टॉल अलाँगसाइड विंडोज बूट मॅनेजर", तुम्हाला हा हवाय. एक असतो "इरेज डिस्क अँड इन्स्टॉल लिनक्स मिंट", हा म्हणजे सगळी डिस्क साफ, विंडोज, शाळा, फोटो, सगळं. कॉमेंटमधली रडारड या एका ओळीची आहे, कारण इरेज या शब्दाकडे बघतच नाहीत, इन्स्टॉल दिसलं की दाबतात. तिसरा "समथिंग एल्स", पार्टिशन स्वतः पाडणाऱ्यांसाठी, तो आज तुमच्यासाठी नाही. अलाँगसाइडचा पर्याय दिसतच नसेल तर समजायचं की इन्स्टॉलरला विंडोज सापडलेलं नाही, बिटलॉकर राहिलंय किंवा स्टोरेज इंटेलच्या आरएसटी मोडमध्ये आहे. तेव्हा कुणी म्हणालं की बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन तो मोड एएचसीआय करून टाका तर तसं थेट करू नका, विंडोजला आधी तयार केलं नाही तर तेच उठायचं बंद होतं. तिथे थांबा, इन्स्टॉलर बंद करा, पेनड्राइव्ह काढा, काही बिघडलेलं नसतं.

ते पान पार पडलं की बाकी सगळं आरामाचं. जगाच्या नकाशावर इंदूरवर क्लिक केलं तरी खाली "कोलकाता" लिहून येतं, चुकलं म्हणून दहादा क्लिक करत बसू नका, भारताच्या टाइम झोनचं नावच ते आहे. नाव-पासवर्ड टाका, हा पासवर्ड पुढे प्रत्येक सॉफ्टवेअर टाकताना लागणार आहे. एसएसडी असेल तर चहा होईपर्यंत काम झालेलं असतं.

एक गंमत पुढची. बरेचदा लिनक्समधून परत विंडोजमध्ये गेलात की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसतं. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं, आपला फरक साडेपाच तासांचा म्हणून साडेपाच. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये "टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १" ही कमांड एकदा दिली की मिटतं, स्पेलिंग नेटवर लगेच मिळेल.

प्रश्न, भंवरकुआं, इंदूर: भिया, हॉस्टेलमध्ये सगळे म्हणून राहिलेत की मिंट म्हणजे काकांचं लिनक्स, शिकायचं असेल तर आर्च टाक. सेकंड इयरला आहे, कोडिंग करायचंय. आर्च टाकू का?

टाक की, पण व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे आहे त्या सिस्टिमच्या आत चालणाऱ्या नकली कॉम्प्युटरमध्ये, आधी टाक. आर्चमध्ये इन्स्टॉल म्हणजे काळ्या स्क्रीनवर पार्टिशन तू पाडणार, फॉरमॅट तू करणार, बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) तू बसवणार, कारण ती मंडळी तुझ्या वतीने काही ठरवत नाहीत, हेच त्यांचं तत्त्व. २०२१ पासून सोबत आर्चइन्स्टॉल म्हणून मेनूवाला स्क्रिप्ट येतो त्यामुळे आता तेवढी मर्दुमकी राहिली नाहीये, पण हाताने एकदा केलंस तर बूट कसं होतं ते खरंच डोक्यात बसतं, हे मान्य. अवघड भाग इन्स्टॉल नाहीच पण, अवघड भाग नंतरचा. आर्च रोलिंग आहे, व्हर्जन-बिर्जन काही नाही, अपडेट येतच राहतात, आणि अपडेट करण्याआधी त्यांच्या साइटवरची बातमी वाचायची असा रिवाज आहे. प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री तू ते वाचणार आहेस का? कोडिंगसाठी पायथन, जीसीसी, गिट मिंटवर पण तेच असतं. आर्चचा विकी मात्र बुकमार्क करून ठेव, कोणतंही डिस्ट्रो असो, अडलं की उत्तर तिथेच सापडतं. आणि हॉस्टेलवाल्यांना सांग की स्टीम डेक हा गेम खेळायचा डबा आर्चवरच चालतो आणि तो वापरणाऱ्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

मधला रस्ता हवा असेल तर डेबियन. त्याचा इन्स्टॉलर जुनाट दिसतो पण शहाणा आहे. एकच खोच, रूटचा पासवर्ड विचारतो तिथे काही न लिहिता पुढे गेलास तर तुझ्या युजरला सुडो, म्हणजे अॅडमिनचे अधिकार वापरायची कमांड, मिळतं, पासवर्ड लिहिलास तर मिळत नाही आणि मग पहिल्याच दिवशी "सुडो चालत नाही" म्हणून बोंबलत बसावं लागतं. पूर्वी डेबियनच्या अधिकृत फाइलमध्ये वायफायचे बंदिस्त फर्मवेअर (चिप चालवायला लागणारं कंपनीचं सॉफ्टवेअर) ठेवायचे नाहीत, तत्त्वाचा प्रश्न होता, त्यामुळे बऱ्याच लॅपटॉपवर इन्स्टॉल करतानाच नेट नसायचं. २०२३ च्या डेबियन १२ पासून ते आत आले आणि हा त्रास बराच संपला. डेबियन अवघड अशी जी ख्याती आहे ती बरीचशी त्या काळातली.

प्रश्न, रामबाग, इंदूर: आमचं घरून छोटं काम आहे, मी टॅलीवर तीन-चार दुकानांचे हिशेब बघते आणि हे श्रीलिपीत पत्रिका, अहवाल वगैरे डीटीपी करतात. दोन्ही कॉम्प्युटर विंडोज १० वर आहेत. लिनक्स टाकलं तर चालेल का?

वहिनी, नाही. निदान त्या दोन मशीनवर नाही.

टॅली विंडोजसाठीच बनतं, लिनक्सवर थेट नाही. वाइन नावाच्या सॉफ्टवेअरमधून काही जण चालवतात पण दुसऱ्यांचे हिशेब आणि जीएसटीच्या तारखा डोक्यावर असताना असले प्रयोग करू नयेत. डिजिटल सिग्नेचरचा टोकन असेल तर तोही एक प्रश्न आहेच. श्रीलिपीचं पण तसंच, ते विंडोजचं सॉफ्टवेअर, आणि त्यातला जुना मजकूर युनिकोड (सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरांची पद्धत) नसतो, तो ठरावीक फाँटवर बेतलेला असतो, म्हणून लिनक्समध्ये उघडलात तर मराठीच्या जागी चिन्हांची भेळ दिसेल. त्यात लिनक्सचा दोष काही नाही, तुमच्या मोबाइलवर पण ती फाइल तशीच दिसेल.

तर त्या मशीनसाठी दोनच रस्ते, घरगुती वापराच्या विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने जादा सिक्युरिटी अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दिलीय त्यात नाव नोंदवणं, किंवा हार्डवेअर बसत असेल तर ११ वर जाणं. घरात तिसरा जुना लॅपटॉप पडलेला असेल तर त्यावर लिनक्स टाका आणि नवीन मजकूर तरी युनिकोडमध्ये टाइप करायची सवय करा. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीसाठी इन्स्क्रिप्ट पण आहे आणि कगप नावाचा फोनेटिक पण, वेगळं काही डाउनलोड करावं लागत नाही. लिब्रेऑफिस मेनूसकट मराठीत येतं. पानं लावायला स्क्रायबस आहे, आधी देवनागरीची जोडाक्षरं त्यात तुटायची, १.६ व्हर्जनपासून नीट येतात. कोरलड्रॉच्या जागी इंकस्केप. पण यांच्या हाताला कोरलची वर्षांची सवय असेल तर लग्नसराईत बदल सुचवू नका, घरात भांडण व्हायचं.

लिनक्सवाले मित्र या प्रश्नाला "सगळ्याला पर्याय आहे" असं ठोकून देतात, मला ते आवडत नाही. कोणतं डिस्ट्रो हा प्रश्न नंतर, कोणत्या सॉफ्टवेअरवाचून माझं पोट अडतं हा आधी.

प्रश्न, लष्कर, ग्वाल्हेर: लिनक्स सोडून ओपन सोर्समध्ये दुसरं काही आहे की नाही? बीएसडीचं नाव ऐकलंय. नवशिक्याला जमेल?

आहे, आणि विचारलंत हे छान केलंत कारण लोकांना ओपन सोर्स म्हणजे लिनक्स एवढंच वाटतं. बीएसडीचं मूळ कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतलं, तिथून १९९३ मध्ये फ्रीबीएसडी आणि नेटबीएसडी, आणि नेटबीएसडीतून पुढे ओपनबीएसडी. लिनक्सपासूनचा मोठा फरक हा की इथे कर्नल आणि मूळ सिस्टिम एकच टीम एकत्र बनवते, गठ्ठे बांधणारा वेगळा आणि कर्नलवाला वेगळा असा प्रकार नाही, म्हणून नावंही कमी आणि माहितीपुस्तिका अगदी जागच्या जागी. नेटफ्लिक्स तुमच्या घरापर्यंत व्हिडिओ पोचवतं ते सर्व्हर फ्रीबीएसडीवर चालतात, प्लेस्टेशन ४ च्या पोटात पण त्याचाच वंशज आहे. पण घरच्या लॅपटॉपवर? इन्स्टॉलर अक्षरी मेनूचा, तो जमेल हो, पण जुन्या पद्धतीने इन्स्टॉल संपल्यावर काळा स्क्रीन आणि लॉगिन, डेस्कटॉप आपला आपण बसवायचा. वायफायच्या बाबतीत लिनक्सच्या मागे आहे. हौस असेल तर घोस्टबीएसडी बघा, त्यात लाइव्ह डेस्कटॉप येतो.

हायकू म्हणून अजून एक आहे, जुन्या बीओएसच्या धर्तीवर, चिमुकलं आणि भयंकर चपळ, अजून बीटामध्ये. रिअॅक्टओएस विंडोजचे प्रोग्राम चालवायचं स्वप्न बघतंय आणि कित्येक वर्षं अल्फाच आहे. दोन्ही व्हर्च्युअल मशीनमध्ये मजेसाठी उघडा, कामासाठी नको.

प्रश्न, दांडिया बाजार, बडोदा: जुना डेस्कटॉप आहे, ३२ बिट, एक जीबी रॅम. बाबांना मराठी पेपर वाचायला लावून द्यायचाय. मिंट चढत नाही, काय चढेल?

अँटीएक्स चढेल. उबुंटूने ३२ बिटच्या फाइली केव्हाच बंद केल्या, डेबियनचा ३२ बिट इन्स्टॉलर १२ पर्यंत होता, १३ मध्ये तोही गेला. अँटीएक्स अजून देतं आणि एक जीबीत उभं राहतं. पण आजकालच्या पेपरांच्या साइटी जाहिराती आणि व्हिडिओंनी इतक्या जड झाल्यात की एक जीबीत पान उघडेपर्यंत बाबा छापील पेपर वाचून मोकळे होतील. वीज पण तो जुना डबा जास्त खातो. मी असतो तर सेकंडहँड टॅब घेतला असता.

प्रश्न, स्नेहलतागंज, इंदूर: मिंट टाकलं, सगळं मस्त, फक्त वायफायचं चिन्हच येत नाही. आता नेट नाही तर ड्रायव्हर उतरवू कसा?

हा प्रकार बहुधा ब्रॉडकॉमची चिप असलेल्या जुन्या लॅपटॉपांवर होतो, त्यांचा ड्रायव्हर ओपन सोर्स नाही म्हणून आपोआप बसत नाही. मोबाइल घ्या, चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा, मोबाइलच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. केबल नुसती चार्जिंगची असेल तर होणार नाही, डेटावाली हवी. मिंटला ते साधं वायरचं नेट वाटतं आणि लगेच जोडलं जातं. मग मेनूत ड्रायव्हर मॅनेजर उघडा, तो स्वतःच शोधून "रेकमेंडेड" असं लिहिलेला पर्याय दाखवेल, तो निवडा, अप्लाय करा, रीस्टार्ट. त्यानंतर अपडेट मॅनेजरमध्ये जे काही पेंडिंग असेल ते घरच्या वायफायवर घ्या, मोबाइलच्या डेटावर नको, पहिल्या खेपेला बरंच मोठं असतं. आणि अपडेटच्या आधी टाइमशिफ्ट उघडून एक स्नॅपशॉट काढून ठेवा, म्हणजे उद्या नव्या कर्नलने परत वायफाय पळवलं तर कालच्या अवस्थेत परत जाता येईल.